क्वीन्सटाउन आणि वाकण्याचे कलम

परदेशातून परत आलेल्या माणसाने तिथल्या स्वच्छतेचे वर्णन करावे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. सिंगापूर स्वच्छ आहे. एवढे नमूद करून ते प्रकरण मी निकाली काढतो. मला सांगायचे आहे ते वेगळे आहे. तिथे एका वसाहतीला राणीचे नाव आहे, राणी मात्र नाही. त्या वसाहतीत माझ्या नातीने कोणापुढे वाकावे, यावरून मी एक तंटा उभा केला. त्याचा निकाल कसा लागला, ते इथे लिहितो.

मी सोलापूरच्या न्यायालयात दिवाणी वकिली करून निवृत्त झालो. पत्रे लिहिण्याची मला सवय आहे. घरचे लोक तिला खोड म्हणतात. नळाला पाणी नाही, बसस्थानकाचे छत गळते, वर्तमानपत्राने घटनेच्या अनुच्छेदाचा क्रमांक चुकीचा छापला, अशा प्रत्येक प्रसंगी मी संबंधितांस लिहिले आहे. निवृत्तीनंतर या संबंधितांत एका ब्रिटिश इतिहासकार बाईंची भर पडली. त्यांचे नाव देत नाही, कारण आमचा पत्रव्यवहार अद्याप संपलेला नाही.

या बाईंची तीन पुस्तके माझ्याकडे आहेत. पहिले युद्धानंतरच्या ब्रिटिश समाजावर आहे: रेशनच्या रांगा, सरकारी घरे, कारखान्यातून परत स्वयंपाकघरात पाठवलेल्या बायका. दुसरे राजघराणे आणि धर्मादाय संस्था यांच्यावर. तिसरे, सर्वांत जाड, राजघराण्याच्या परदेश दौऱ्यांवर. बाई लिहितात उत्तम. राजसिंहासनाची बाजू घेत नाहीत, चेष्टाही करत नाहीत. घड्याळजी घड्याळ उघडतो तसे ते उघडून दाखवतात. प्राचीन म्हणून मिरवल्या जाणाऱ्या कित्येक राजसोहळ्यांचे वय फारसे नाही, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले आहे. राजापुढे वाकलेच पाहिजे असा कोणताही लेखी नियम आज तिथे नाही, हेही त्यांच्याकडूनच मला कळले. इथवर आमचे एकमत होते. पण पुढे त्या म्हणतात की, नियम नसताना लोक वाकतात, याचाच अर्थ ते आपणहून वाकतात.

या एका शब्दावरून मी चिडलो. माझे आजोबा पाटलाच्या दारासमोरून जाताना वहाणा हातात घेत आणि मान खाली घालत. त्याचाही लेखी नियम नव्हता. कोणी विचारले असते तर गावाने सांगितले असते, तो आपणहून करतो. माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला त्या वर्षापासून आमच्या घरात एक शिस्त आहे. आम्ही वंदनेत बुद्धांपुढे वाकतो, ते गुणापुढे वाकणे. जन्माने मोठ्या ठरलेल्या माणसापुढे आमच्या घरातले कोणी वाकत नाही. थोरांच्या पायाही पडत नाही. हात जोडतो, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून. प्रजासत्ताक दिनी सकाळी सारे घर उभे राहून घटनेची उद्देशिका वाचते, आणि पोहे त्यानंतर मिळतात.

मी बाईंना लिहिले: ‘आपणहून’ या शब्दास पुरावा काय. दुसऱ्या स्मरणपत्रानंतर त्यांचे छोटेसे कार्ड आले. प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर माझ्यापेक्षा त्या वेळी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या लोकांकडे असेल, असा त्याचा आशय होता. नेमक्या त्याच सुमारास माझी मुलगी करुणा हिने आम्हा दोघांना सिंगापूरला बोलावले. ती तिथे संशोधक आहे आणि राहते क्वीन्सटाउनमध्ये. तीनही पुस्तके मी हातातल्या बॅगेत घेतली. त्यामुळे पत्नी सुमनच्या शेंगाचटणीचा डबा मोठ्या बॅगेत गेला आणि वाटेत फुटला. हा मुद्दा संपूर्ण मुक्कामात माझ्याविरुद्ध वापरला गेला.

कॉमनवेल्थ स्टेशन

करुणाच्या घराजवळच्या एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनचे नाव कॉमनवेल्थ. तिथून निघणारा मोठा रस्ता त्याच नावाचा. पलीकडे क्वीन्सवे. थोडे चालले की राणीच्या धाकट्या बहिणीच्या नावाचा मार्गारेट ड्राइव्ह. वसाहतीचे नाव ब्रिटनच्या राणीच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने ठेवले गेले आणि पुढे देश प्रजासत्ताक झाला तरी पाट्या जागच्या जागी राहिल्या. त्या पाट्यांखालून जुन्या एचडीबी, म्हणजे सरकारने बांधलेल्या, इमारतींतली म्हातारी माणसे भाजीच्या पिशव्या ओढत जातात, आणि नव्या, आकाशाला टेकलेल्या इमारतींतून गळ्यात ओळखपत्र अडकवलेली आमची मुले उतरतात.

पहिल्याच दिवशी गाडीत सुमनने लाडूंचा डबा उघडला. दहा वर्षांची आमची नात गौतमी हिने तो हलकेच बंद केला.

“आजी, कॅनॉट. इथे खायचं नाही.”

“एक लाडू खाल्ल्याने गाडी बंद पडते का गं?”

“फाइन आहे, आजी.”

मी चष्मा लावून दारावरची सूचना वाचली. खाणे नाही, पिणे नाही, उग्र वासाचे ड्युरियन फळ तर जवळही बाळगायचे नाही. कशाला किती दंड, तेही शेजारी छापलेले. मला समाधान वाटले. कोणत्या कृत्यास काय शिक्षा, हे नागरिकास आधी सांगावे आणि मग ती करावी, यापेक्षा कायद्याचे राज्य वेगळे काय असते?

“तुझे बाबा खूश झाले बघ,” सुमन करुणाला म्हणाली. “दंडाची पाटी वाचून खूश होणारा पहिला माणूस असेल या गाडीत.”

घरी पोहोचता पोहोचता मी करुणाला विचारले, “प्रजासत्ताक झाले, आणि नावे तशीच?”

“बाबा, इथे लोकांना घर मिळालं, नळाला पाणी आलं. पाटी कोण बघतंय.”

“मी बघतो.”

“माहीत आहे,” करुणा म्हणाली. “म्हणूनच पत्ता लिहून दिला नव्हता, लोकेशन पाठवलं होतं.”

हॉकर सेंटर

स्वस्त आणि चांगले खायचे तर हॉकर सेंटर. एका छताखाली पन्नासेक टपऱ्या, मध्ये मेजे, वर पंखे. मी एकटा सकाळी तिथे जाऊ लागलो. तांदळाच्या पिठाची वाफवलेली छोटी वाटी आणि तिच्यावर खारवलेल्या मुळ्याचा तुकडा, असा एक पदार्थ मिळतो. तो इडलीचा चुलतभाऊ म्हणावा असा आहे, मात्र भाऊबंदकी झालेला. सोबत बिनदुधाची, साखरेने जड झालेली काळी कॉफी. तिला तिथे कोपी-ओ म्हणतात. भांडी उचलून ठरलेल्या जागी न ठेवल्यास दंड आहे आणि त्याची पाटी आहे. मी पाटी वाचून भांडी ठेवत असे.

एके दिवशी गर्दी होती. एका रिकाम्या मेजावर कागदी रुमालांचे छोटे पाकीट पडले होते. कोणीतरी विसरले असावे, असे समजून मी ते बाजूला सरकवले आणि बसलो. पहिला घास घेतो न घेतो तोच समोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साठी ओलांडलेल्या, आखूड पांढरे केस, हातात नूडल्सचा वाडगा.

“अंकल, हे टेबल माझं आहे, ला.” वाक्याला ‘ला’ जोडणे ही तिथली लकब.

“आपण इथे नव्हता.”

“माझा टिश्यू होता.”

मी आजूबाजूला पाहिले. रिकाम्या दिसणाऱ्या प्रत्येक मेजावर काही ना काही होते: रुमालांचे पाकीट, छत्री, एका ठिकाणी तर ऑफिसचे ओळखपत्र. मालकाचा पत्ता नाही आणि कोणी हात लावत नाही.

“हे कोणत्या नियमाने?” मी विचारले. “ताटाची पाटी आहे, थुंकण्याची पाटी आहे. याची पाटी मला कुठे दिसली नाही.”

“पाटी नाही. सगळ्यांना माहीत असतं.”

“आणि कोणी मानले नाही तर?”

“मग सगळे त्याच्याकडे बघतात,” त्या म्हणाल्या, “आता तुमच्याकडे बघतायत तसे.”

ते खरे होते. मी उठू लागलो तर त्यांनी हातानेच बसा म्हटले आणि समोर बसल्या. त्यांचे नाव मिसेस लिम, निवृत्त शिक्षिका. जन्मापासून याच वसाहतीत राहिलेल्या. मी कोणाचा कोण, हे कळल्यावर त्या हसल्या. गौतमीला त्या ओळखत होत्या. वसाहतीच्या इतिहासावर कम्युनिटी क्लबात मुलांचे एक नाटक व्हायचे होते, ते बसवण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि गौतमी त्यात होती.

परतताना मी सारखा त्या पाकिटाचा विचार करत होतो. ज्या शहरात ताट कुठे ठेवावे याचे कलम आहे, तिथे मेज कोणाचे, हे मात्र एका कागदी रुमालावर ठरते. लिहिलेले काही नाही, पोलीस नाही, तरी सारे मानतात. इतिहासकार बाई सिंहासनाबद्दल नेमके हेच सांगत होत्या. मला ते पटले नाही, पण पहिल्यांदा समजले. त्या दुपारी मी त्यांचे जाड पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढले.

ईस्ट कोस्ट

रविवारी आम्ही ईस्ट कोस्टला गेलो. जावई दौऱ्यावर होते, म्हणून आम्ही चौघेच. सायकली, पतंग, झाडांखाली मांडलेली कुटुंबे, आणि क्षितिजावर रांगेत उभी असलेली मालवाहू जहाजे, जणू तीही पाकीट ठेवून जागा धरून बसली आहेत. सुमन आणि करुणा पाण्यात पाय घालून बसल्या. मी पुस्तक उघडले.

गौतमी थोड्या अंतरावर समुद्राकडे तोंड करून उभी होती. तिने फ्रॉकची दोन टोके धरली, एक पाय मागे नेला, गुडघे वाकवून मान लववली आणि सरळ झाली. पुन्हा तेच. पुन्हा. मी खेळ समजलो.

“हे कसले नृत्य?”

“नृत्य नाही, आजोबा. कर्टसी. नाटकात मी राणीला बुके देते ना, मग अशी वाकते. मिसेस लिम म्हणतात, माझी बेस्ट आहे. बघा, पाय हलत नाही.”

तिचा पाय खरोखर हलत नव्हता. मी पुस्तक मिटले आणि विचारले, “तू राणी का नाहीस?”

“नूर राणी आहे. माझी बेस्ट फ्रेंड. तिला हॅट छान दिसते.”

“तू वाकणार आणि ती उभी राहणार?”

“राणी आहे ती,” गौतमीने मला समजावले.

मी करुणाकडे गेलो. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण सायकलवरचे दोघे थांबून गेले. मी म्हणालो, ज्या घरात तीन पिढ्या कोणी जन्मापुढे वाकलेले नाही, त्या घरची मुलगी परक्या देशात, प्रजासत्ताकात, एका मेलेल्या साम्राज्यापुढे गुडघे टेकणार, आणि तुला त्याचे काही वाटत नाही?

“बाबा, नाटक आहे. आणि ती नूरपुढे वाकणार आहे. कालच दोघींनी एका बाउलमधून आइस्क्रीम खाल्लं.”

“सवय अशीच लागते. खेळता खेळता.”

“तुम्ही पत्र लिहिणार आहात,” करुणा म्हणाली. “मला तुमचा चेहरा कळतो. बाबा, पत्र नको. हे सोलापूर नाही.”

“कायदा सगळीकडे सारखाच असतो.”

सुमनने वाळूतून मान वर केली. “अहो, तिने महिनाभर पाय हलू नये म्हणून मेहनत घेतली आहे. त्याचं कोणतं कलम लावता?”

त्या रात्री जेवणाआधी पत्र तयार होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना मी ते क्लबाच्या पेटीत टाकले.

उत्तर

पत्राबद्दल थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. आपल्याकडे पत्र ज्या कार्यालयाला लिहायचे ते बहिरे आहे, हे गृहीत धरून लिहावे लागते. पहिले पत्र कोणी वाचत नाही. दुसरे फाइलला लागते. तिसऱ्यात घटना, उच्च न्यायालय आणि आपल्या भावना, तिन्ही दुखावल्याशिवाय कोणी खुर्चीवरून हलत नाही. म्हणून माझे पहिलेच पत्र तिसऱ्याच्या भाषेत असते. त्यात मी सद्सद्विवेक, मानवी प्रतिष्ठा, आमची धम्मपरंपरा आणि प्रजासत्ताकाचा अवमान, असे चार मुद्दे मांडले होते. राजघराण्यापुढे वाकण्यास खुद्द ब्रिटनमध्येही लेखी आधार नाही, हे इतिहासकार बाईंच्या पानाचा हवाला देऊन दाखवले होते. शेवटी, योग्य ती दखल न घेतल्यास वरिष्ठांकडे दाद मागण्याचा हक्क राखून ठेवला होता. दखल घेतली जाईल, अशी माझी मुळीच अपेक्षा नव्हती. आजवर ती घेतली गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी करुणा ऑफिसातून लवकर आली.

“क्लबातून फोन होता,” ती म्हणाली. “फार नम्रपणे बोलत होते. आमच्या धार्मिक भावना दुखावल्या म्हणून त्यांनी माफी मागितली. दोनदा. पूर्ण सीन काढून टाकलाय.”

“पूर्ण?”

“राणी, बुके, सगळं. नूरची हॅटसुद्धा. त्याजागी जुने फोटो दाखवणार. बाबा, इथे धर्म हा शब्द लिहिला की कोणी हसत नाही. सगळे धर्म एकाच लिफ्टने वर जातात, म्हणून फार जपतात. तुम्ही तो शब्द लिहिलात.”

“मी धम्मपरंपरा असे लिहिले होते. समतेच्या अर्थाने.”

“त्यांनी त्यांच्या अर्थाने वाचलं.”

गौतमी शाळेतून आली, तेव्हा तिला आधीच कळले होते. तिने बॅग ठेवली, तिच्या आजीने शिवलेले पांढरे हातमोजे खणातून काढले (ते शिवले जात होते हे मला तोवर माहीत नव्हते), घडी केले आणि आजीला परत दिले.

मी म्हणालो, “गौतमी, इकडे ये, मी तुला कारण सांगतो.”

“इट्स ओके, आजोबा.”

“तू आता नाटकात काय आहेस?”

“ट्री.”

त्यानंतर ती माझ्याशी इंग्रजीतच बोलू लागली. यस. नो. ओके. घरात मराठी माझ्यासाठी राखलेली असे. मोडकी, मध्येच ‘ला’ लावलेली, पण ती खास माझ्यासाठी असे. ती तिने काढून घेतली. बोलण्यात उर्मटपणा नव्हता, रडणे नव्हते. आयुष्यात अनेक दावे हरलो आहे. जिंकल्यावर असे घर शांत झालेले मी प्रथमच पाहिले.

पुस्तक उघडून बसलो तर जे पान उघडले त्यावर परदेश दौऱ्यातले एक छायाचित्र होते: रस्त्याकडेला उभ्या शाळकरी मुली, हातात कागदी झेंडे. बाईंनी त्या मुलींच्या गर्दीचे वर्णन केले होते. त्यातली एक कोण, तिने पाय हलू नये म्हणून किती दिवस घालवले, हे त्यात नव्हते. ते माझ्या पत्रातही नव्हते.

तेच मेज

शनिवारी सकाळी मी गौतमीला म्हटले, चल, कोपी प्यायला. ती “ओके” म्हणून आली. मिसेस लिम कुठे बसतात, हे मला माहीत होते. त्या आल्या नव्हत्या, पण पाकीट होते. मी पाकिटाला हात न लावता शेजारच्या मेजावर बसलो.

त्या आल्या, मला पाहून थांबल्या, मग त्यांनी आपले पाकीट उचलून आमच्या मेजावर ठेवले.

“अंकल, तुमचं लेटर फार स्ट्राँग होतं. कमिटीला वाटलं, तुम्ही मंत्र्याकडे जाणार.”

“मी तसे लिहितो. आमच्याकडे त्याखेरीज वाचत नाहीत.”

“इथे वाचतात.”

“ते आता कळले.”

गौतमी स्ट्रॉने बर्फ ढवळत होती. मी मिसेस लिमना माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. पत्रातली भाषा बाजूला ठेवून, वहाणांची, पाटलाच्या दाराची. त्यांनी मध्ये एकदाही मान हलवली नाही, नुसते ऐकले. गौतमीचा स्ट्रॉ थांबला होता. ही गोष्ट मी तिलाही कधी सांगितली नव्हती. उद्देशिका मात्र पाठ करून घेतली होती.

मग मी माझा जुना प्रश्न विचारला. “राजघराण्यातले कोणी इथे आले, तेव्हा आपण रस्त्यावर उभ्या होता?”

“होते ना. आठ वर्षांची. शाळेने उभं केलं होतं.”

“म्हणजे आपणहून नाही.”

“आपणहून कसं? टीचरने कान धरून शिकवलं. एक पाय मागे, पाठ सरळ, डोळे खाली. कित्येक दिवस. घरी पण करायची, झोपताना पण करायची.”

“आणि मग?”

“गाडी आली,” मिसेस लिम म्हणाल्या, “आणि गेली. थांबलीच नाही. काच वर होती. मी वाकून वर बघितलं तर रस्ता रिकामा.”

मी पुस्तकाच्या समासात लिहिण्यासाठी पेन्सिल काढली होती. पण त्यांचे बोलणे संपले नव्हते.

“मला इतका राग आला, अंकल. एवढं शिकले आणि वाया गेलं. मग मी घरी जाताना सगळ्यांना कर्टसी केली. मासेवाल्याला केली. सायकलरिक्षावाल्याला केली. लिफ्टजवळ एक मांजर होती, तिला केली. आई मासे साफ करत होती, तिला केली. तिने चप्पल फेकली, म्हणाली, वेडी झालीस का, मीठ आण.”

गौतमी हसली. त्या आठवड्यातले ते तिचे पहिले हसू. “मांजरीने काय केलं?”

“मांजर राणीसारखीच होती. बघितलं पण नाही.”

मी म्हणालो, “तो प्रवेश परत ठेवावा, असे मी लिहून देतो. आजच.”

“नो मोर लेटर्स, अंकल,” मिसेस लिम म्हणाल्या. “तुम्ही पत्र दिलं की पुन्हा कमिटी बसेल. दुपारी तालमीला या. तोंडाने सांगा.”

दुपारी गेलो. क्लबातल्या एका खोलीत तीन स्वयंसेवक होते, तिघेही माझ्या मुलीच्या वयाचे, आणि माझे पत्र पारदर्शक पाकिटात घालून टेबलावर ठेवलेले. इतक्या सन्मानाने ठेवलेले माझे पत्र मी पूर्वी पाहिले नव्हते. उभे राहून मी सांगितले की हरकत माझी होती. धर्माची नव्हती आणि मुलीची तर नव्हतीच. तिला न विचारता मी तिच्या वतीने लिहिले. वकीलपत्र नसताना बाजू मांडली, एवढाच माझा दोष, आणि तो पुरेसा मोठा आहे.

त्यातल्या एकाने सावधपणे विचारले, “मग सर, तिने कोणत्या पद्धतीने अभिवादन केलेलं आपल्याला चालेल? हात जोडून? आम्ही तसं बसवू.”

उत्तर माझ्या तोंडाशी होते. हात जोडून, डोळ्यांत पाहून. आमच्या घरची रीत. गौतमी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

“तिला जसे वाटेल तसे,” मी म्हणालो. “वाकायला सांगणारा मी नाही आणि वाकू नको म्हणणाराही नाही. ती ठरवेल.”

घरी परतताना लिफ्टमध्ये तिने विचारले, “आजोबा, तुमच्या आजोबांनी चपला परत कधी घातल्या?”

ती मराठीत बोलली होती. मी म्हणालो, “दार मागे गेल्यावर.”

“मग पुढच्या वेळी पुन्हा काढायच्या?”

“माझ्या वडिलांनी नाही काढल्या.”

ती आपल्या मजल्यापर्यंत विचार करत राहिली.

कम्युनिटी क्लब

नाटक पुढच्या शनिवारी संध्याकाळी झाले. प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांतल्या पुढच्या रांगांवर अर्थातच रुमालांची पाकिटे. सुमनने आधी जाऊन आमची चार पाकिटे ठेवली होती. ती या देशात माझ्याआधी रुळली. जावईही परतले होते. नाटकात दलदल होती, डुकरे पाळणारे शेतकरी होते, पहिली लिफ्ट आली तेव्हा तिला घाबरलेली आजी होती. मग नूर आली. हॅट खरोखर तिला छान दिसत होती.

गौतमी कोपऱ्यातून निघाली. पांढरे हातमोजे, हातात ऑर्किडचा गुच्छ. करुणाने माझ्या मनगटावर हात ठेवला, मी उठेन या भीतीने की काय, ठाऊक नाही. गौतमी काय करणार हे घरात कोणालाच माहीत नव्हते. तिने आजीलाही सांगितले नव्हते. तिने गुच्छ दिला. एक पाय मागे नेला आणि वाकली. खोल, सरळ पाठीने. पाय हलला नाही. टाळ्या पडल्या.

इथे तिने मागे सरून बाहेर जायचे, असे ठरले होते. ती गेली नाही. वळली आणि मागे झाड होऊन उभ्या असलेल्या मुलापुढे वाकली. झाड गोंधळले. मग पडदा ओढणाऱ्या काकांपुढे. मग पायऱ्या उतरून, कडेला संहिता धरून बसलेल्या मिसेस लिमपुढे. त्यांनी तोंडावर हात धरला. लोक हसू लागले होते. गौतमी मात्र हसत नव्हती. प्रत्येकासमोर तितकेच खोल वाकणे, तीच सरळ पाठ. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यापुढे, बाबागाडीतल्या बाळापुढे, फरशी पुसण्याचा दांडा घेऊन दाराशी थांबलेल्या बाईंपुढे. रंगमंचावर नूर एकटी राणी म्हणून उभी होती. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग हॅट काढून हातात घेतली आणि तीही उतरून मैत्रिणीच्या मागे वाकत निघाली.

गौतमी आमच्या रांगेशी आली. आजीपुढे वाकली, आईबाबांपुढे वाकली, आणि माझ्यासमोर थांबली. वाकली. सरळ झाली, आणि गेली नाही. माझ्या डोळ्यांत पाहत उभी राहिली. आमच्या घरची रीत.

मी उठलो. खुर्चीच्या पाठीला धरून एक पाय मागे नेला. गुडघा जितका वाकतो तितका वाकवला. पाय हलला, ते मान्य करतो.

ती पुढच्या माणसाकडे गेली. मी बसलो, तेव्हा सुमन माझ्याकडे न पाहता, समोर बघत म्हणाली, “आता याचं कलम कोणतं?”

“परंपरा,” मी म्हणालो.

“कधीपासूनची?”

“आत्तापासूनची,” मी म्हणालो. इतिहासकार बाईंना मी तेवढेच कळवले आहे.